दुसरी प्रत दुसऱ्या गावी

अल्लादिया खाँसाहेब 1946 पर्यंत होते. ग्रामोफोन कंपनीनं कोलकात्यात ध्वनिमुद्रणं सुरू केली 1902 साली. गौहरजानचा आवाज तेव्हा तबकडीवर उतरला. म्हणजे यंत्र या देशात आल्यावर 44 वर्षं खाँसाहेब हयात होते, त्यातला मोठा काळ कोल्हापुरात आणि मुंबईत गात-शिकवत होते, आणि तरीही त्यांचा आवाज आज कुणाला ऐकता येत नाही. ध्वनिमुद्रणाला ते तयार झाले नाहीत. त्याआधी 1922 साली भास्करबुवा बखले गेले. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव ज्यांच्यापाशी शिकले, त्या बुवांचा गळाही आपल्यासाठी उरलेला नाही. या दोघांबद्दल आपण वाचतो, शिष्यांच्या गाण्यावरून अंदाज बांधतो आणि हळहळतो.

या हळहळीत आपला दोष काही नाही. दोष लागेल तो त्यानंतरच्या गाण्याबाबत. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत स्पूलचे टेपरेकॉर्डर हौशी घरांत आले, पुढे कॅसेटनं ते काम प्रत्येकाच्या आवाक्यात आणलं. गावोगावच्या म्युझिक सर्कलमध्ये, देवळांच्या उत्सवांत, कुणाच्या वाड्याच्या माडीवर जे गाणं झालं ते लोकांनी प्रेमानं भरून ठेवलं. गेल्या वीसेक वर्षांत त्यातलं पुष्कळसं संगणकावर उतरलं. आणि उतरलेलं ते सगळं आज एकेका हार्ड डिस्कवर, एकेका घरातल्या एकेका कपाटात पडून आहे. माझं म्हणणं त्या कपाटाबद्दल आहे. ज्या ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या प्रती एकाच गावात आहेत, ते जपलं गेलं असं मी मानत नाही.

मी सांगलीत राहते. नोकरी दूरसंचार खात्यात झाली, एक्स्चेंजमध्ये. त्यामुळे तारा, सोल्डरिंग, यंत्र उघडून बघणं यांची भीती कधी वाटली नाही. वडिलांना गाण्याचं वेड. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला जे गाणं होतं, ते त्यांनी अंगात ताकद असेपर्यंत चुकवलं नाही. त्यांचे स्पूल आणि कॅसेट निवृत्तीनंतर मी उतरवायला घेतल्या. हळूहळू मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड इथून लोक आपापल्या पिशव्या घेऊन यायला लागले. ‘काकू, बाबांच्या आहेत, चालतात का बघा.’ त्या पिशव्यांत काय काय असतं हे सांगितलं, तर एका डिस्कसाठी मी एवढी जीव का तोडते ते वाचकांना कळेल.

कंपनीच्या तबकडीवर गवयाला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, पुढे एलपीच्या एका बाजूला वीसेक. मैफलीत तोच गवई तास-तास एका रागात राहतो. तंबोरे लावताना तो साथीदाराशी काय बोलतो, एखादी जागा मनासारखी आली नाही म्हणून पुन्हा मागे कसा येतो, समोर बसलेल्या जुन्या जाणकाराची दाद आल्यावर तीच जागा वेगळ्या वाटेनं कशी घेतो, दोन बंदिशींच्या मधे ‘ही आम्हाला अमुकांकडून मिळाली’ असं सहज कसं सांगून टाकतो, हे सगळं टेपवर असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरी चहा पिताना शिष्याला दिलेली तालीम एखाद्या यजमानानं मशीन चालू ठेवून भरलेली असते. पंधरा मिनिटांच्या त्या तालमीतून एखादा अनवट राग कसा उभा करायचा हे जितकं कळतं, तितकं छापील पुस्तकातून कळत नाही. उतरवताना मी यातलं काही कापत नाही. खोकला, कपबश्यांचा आवाज, मधूनच सुरू होणारा पाऊस, सगळं राहू देते. पुष्कळ जण ‘स्वच्छ करून द्या’ म्हणतात. ऐकायला स्वच्छ प्रत वेगळी करून देते, पण मूळ उतरवलेली फाइल तशीच राहते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर तिच्याबरोबर तंबोऱ्याची वरची आसही घेऊन जातं, आणि एकदा गेली की ती परत आणता येत नाही.

एक टेप उतरवायला तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो. 90 मिनिटांची कॅसेट म्हणजे 90 मिनिटं, तिथं घाई चालत नाही. आधी हेड आणि पिंच रोलर साफ करायचे, निघून आलेलं प्रेशर पॅड बदलायचं, मग अझिमथ त्या टेपप्रमाणे जुळवायचं. कारण ज्या मशीनवर ती भरली गेली त्याचं हेड जरासं तिरकं असेल, तर दुसऱ्या मशीनवर वरचे स्वर बोथट ऐकू येतात. 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ या मापानं स्टिरिओ उतरवलं तर तासाला साधारण 2 जीबी जागा लागते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सल्ला निदान 48 किलोहर्ट्झचा आहे. त्याला तासाला 1 जीबी पुरतो. फ्लॅक या प्रकारात ठेवलं की आवाजातला एकही कण न गमावता फाइल आणखी लहान होते. म्हणजे 2 टीबीच्या, तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये हजार तासांचं गाणं बसतं. ते हजार तास पुन्हा उतरवायचे म्हटले तर टेप तोवर वाजण्यासारख्या राहिलेल्या असतील याची खात्री नाही, आणि टेप डेक दुरुस्त करणारा माणूस तर आमच्या भागात आत्ताच शोधावा लागतो.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या आज आपण ऐकतो. कुणी एकानं तिजोरीत ठेवल्या म्हणून त्या राहिलेल्या नाहीत. त्या विकल्या गेल्या, घरोघरी पांगल्या. एका वाड्यातली फुटली, दुसऱ्यातली सुया लावून लावून झिजली, तिसऱ्यातली जुन्या बाजारात गेली, पण चौथी कुठंतरी राहिली. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी अशा चौथ्या प्रती शोधल्या आणि त्यांच्या याद्या केल्या. बाजारानं तबकडीसाठी जे आपोआप केलं, ते मैफलीच्या टेपसाठी करणारं कुणीच नव्हतं. ती मुळात एकच.

केसरबाई केरकर आपल्या ध्वनिमुद्रणाबाबत फार कडक होत्या. त्यांची भैरवीची साडेतीन मिनिटांची रेकॉर्ड 1977 साली व्हॉयेजर यानांवर गेली. यानं दोन, आणि दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तीच तबकडी. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या बाईंची भैरवी आज सूर्यमालेबाहेर दोन वेगवेगळ्या दिशांना चालली आहे. पृथ्वीवर मात्र त्यांच्या किंवा त्यांच्या तोडीच्या कुणाच्या खासगी मैफलीची टेप एखाद्या घरात असेल, तर ती त्या घराबाहेर कुठेही नाही असंच बहुधा आढळतं.

आम्हा सांगलीकरांना हे वेगळं शिकवावं लागू नये. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. गावभागात, पेठांत घरांचे तळमजले पाण्याखाली गेले, नगरवाचनालयातली जुनी पुस्तकं चिखलात गेली. पूर ओसरल्यावर माझ्याकडे जे सामान आलं त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. चिखलानं भरलेल्या कॅसेट पुष्कळशा वाचल्या. कवच उघडून फीत काढायची, स्वच्छ आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून हलकेच न्यायची, उन्हात किंवा हीटरपुढं न ठेवता सावलीत वाळवायची, नव्या कवचात बसवायची आणि एकदाच वाजवून लगेच उतरवून घ्यायची. फितीचं प्लास्टिक पाण्याला तसं चिवट असतं. चिखल आत वाळला तर मात्र अवघड. ज्या डिस्क पाण्यात गेल्या, त्या वाचल्या नाहीत. घाबरलेल्या माणसांनी त्या वाळवून संगणकाला लावून पाहिल्या, आणि आत गेलेल्या गाळानं उरलंसुरलं खरवडून काढलं. एका घरी तर दोन डिस्क होत्या. मालकांनी अगदी नियमानं बॅकअप घेतला होता. एक डिस्क संगणकाला लावलेली, दुसरी त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही एकाच रात्री गेल्या. त्यांच्या वडिलांनी भरलेल्या मूळ टेप उतरवून झाल्यावर रद्दीत दिलेल्या होत्या.

छायाचित्रकारांत आणि संगणकवाल्यांत एक साधा नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. मी त्यात ‘घराबाहेर’च्या जागी ‘गावाबाहेर’ म्हणते, आणि शक्य असेल तर दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात. माझी तिसरी प्रत धारवाडला एका गाणाऱ्या कुटुंबाकडे असते, त्यांची माझ्याकडे. धारवाड उंचावर आहे, आणि तिथल्या लोकांना या गाण्याची किंमत सांगावी लागत नाही. डिस्क ओळखीच्या माणसाबरोबर जाते. इंटरनेटवरून का नाही, असं तरुण मुलं विचारतात. हिशेब सोपा आहे. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस असेल तर 1 टीबी वर चढवायला नऊ दिवस आणि नऊ रात्री लागतात, तेही वीज आणि लाइन एकदाही न जाता. एसटीनं डिस्क त्याच दिवशी पोचते.

क्लाउडला माझा विरोध नाही. संग्रहातला जो भाग अगदी दुर्मीळ आहे तो मी क्लाउडवरही ठेवते. पण एकट्या क्लाउडच्या भरवशावर राहणाऱ्यांनी मायस्पेसचं प्रकरण लक्षात ठेवावं. 2015 च्या आधी लोकांनी तिथं चढवलेलं बारा वर्षांचं संगीत सर्व्हर हलवताना नाहीसं झालं. 2019 साली ते जगाला कळलं. 5 कोटींवर गाणी गेली असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यातली सुमारे 4 लाख 90 हजार परत मिळाली, कारण काही अभ्यासकांनी संशोधनासाठी कधीकाळी त्यांच्या प्रती करून घेतल्या होत्या. गूगल प्ले म्युझिक 2020 साली बंद झालं, विंक 2024 साली. कंपन्या येतील-जातील, त्यात काही गैर नाही. ऐकण्याची सेवा म्हणजे आपला संग्रह, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. क्लाउडचं खातं घरातल्या एका माणसाच्या मोबाइल नंबरला जोडलेलं असतं. तो माणूस गेला की काही महिन्यांत नंबर बंद होतो, आणि ओटीपी येणार कुठं?

सिंक होणं आणि बॅकअप असणं यांत लोक फार गल्लत करतात. दोन संगणकांवर एकच फोल्डर सिंक होत असेल, तर एकीकडे चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते. एकाच डब्यात दोन डिस्क लावून आरशासारखी नक्कल ठेवणारी यंत्रं मिळतात. एक डिस्क बिघडली तर त्यांचा उपयोग होतो, पण वीज कडाडली, चोरी झाली किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवलेली असली पाहिजे, तारेला न लावलेली.

अडचण अशी, की आपले संग्रह थांबलेले नाहीत. दर मोसमात मैफली होतात, आता छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर आणि मोबाइलवरही मुद्रणं होतात, कुणाकडून तरी नवी पिशवी येते. वाढत्या संग्रहाचा बॅकअप ‘एकदा घेऊन ठेवला’ असा असूच शकत नाही. यावर मी जी पद्धत बसवली आहे ती सांगते. संग्रहाचे दोन भाग. पहिला भाग बंद: उतरवून, ऐकून, नोंदी करून पूर्ण झालेला. त्यात पुन्हा काही बदलत नाही, नावसुद्धा नाही. दुसरा भाग चालू: नवं आलेलं सगळं तिथं. चालू भाग लहान असतो, म्हणून त्याची नक्कल दर आठवड्याला पाच-दहा मिनिटांत होते. त्यातलं एखादं मुद्रण पूर्ण झालं की ते बंद भागात जातं आणि धारवाडच्या पुढच्या खेपेच्या यादीत चढतं. रेकॉर्डरच्या मेमरी कार्डवरचं मुद्रण तर दोन ठिकाणी पोचून दोन्हीकडे वाजवून पाहिल्याशिवाय पुसायचं नाही. मैफलीनंतर दमून आलेल्या स्वयंसेवक मुलांनी हा एक नियम पाळला तरी निम्मा प्रश्न सुटेल. आमच्या भागातल्या एका मंडळाचा अख्खा समारोहाचा दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी कार्ड रिकामं हवं होतं.

बंद भागाला दुसरी काळजी लागते. डिस्क पडून राहिली तरी तिच्यावरचा एखादा कण कधी बदलतो, फाइल दिसते जागेवर आणि मधेच चरकते. हे कानानं शोधणं अशक्य. हजार तास कोण ऐकणार? त्यासाठी प्रत्येक फाइलचा एक गणिती ठसा काढता येतो, 64 अक्षरांचा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. ठशांची यादी संग्रहाबरोबर ठेवायची, वर्षातून एकदा संगणकाला ती पुन्हा पडताळायला लावायची. जिथं जुळणार नाही तिथं दुसऱ्या गावच्या प्रतीतून चांगली फाइल आणायची. ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. फ्लॅकच्या फाइलीत तर आतल्या आवाजाचा असा ठसा आधीच कोरलेला असतो, हे फ्लॅक वापरायचं आणखी एक कारण. माझ्याकडे ही तपासणी खंडेनवमीला होते. त्या दिवशी तंबोरे, तबला, टेप डेक आणि सोल्डरिंगची पेटी पाटावर असते, त्यांच्याशेजारी डिस्कही असतात. आदल्या रात्री पडताळणी लावून ठेवते, सकाळी निकाल पाहून मग हळद-कुंकू वाहते. पाच वर्षं झालेली डिस्क चांगली चालत असली तरी तिचा माल नव्या डिस्कवर जातो आणि जुनी जास्तीची प्रत म्हणून राहते.

आवाज वाचला आणि तो कुणाचा हे हरवलं, तर काय वाचलं? डिजिटल करणाऱ्या बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ते याच ठिकाणी. कॅसेटच्या आतल्या कागदावर निळ्या शाईत राग, ताल, साथीला कोण, कुणाच्या घरी, कुठली तारीख असं लिहिलेलं असतं. फाइल झाली की तिचं नाव राहतं ‘ट्रॅक 1’. मी त्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढते आणि तो मुद्रणाच्याच फोल्डरमध्ये ठेवते. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग गायकाचं नाव, एकाच ठरलेल्या स्पेलिंगनं. नाहीतर एकच गवई तीन स्पेलिंगांनी तीन माणसं होऊन बसतो. आत एक साधी मजकुराची फाइल, देवनागरीत, जिच्यात हे सगळं सविस्तर. जे ठाऊक नाही तिथं प्रश्नचिन्ह. आणि ही प्रश्नचिन्हं घेऊन मी ऐंशी-पंच्याऐंशीच्या लोकांकडे जाते. ‘अहो, हा ठेका कोणाचा वाटतो?’ असं विचारून हेडफोन त्यांच्या कानाला लावते. दोन आवर्तनांत ते तबलजी सांगतात, मैफल कुठल्या हॉलमध्ये झाली तेही सांगतात, त्या रात्री पेटीवाला उशिरा आला होता हेही. अशी माणसं दर वर्षी कमी होत आहेत. डिस्कची तिसरी प्रत पुढच्या महिन्यात करता येईल; त्यांच्याकडे जायचं ते या आठवड्यातच.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या संग्राहकांत ‘हे फक्त माझ्याकडे आहे’ याचा अभिमान असतो. मला तो अभिमान कळतो. त्यांनी उमेदीच्या वर्षांत पगारातून टेप विकत घेतल्या, रात्रीच्या गाड्यांनी प्रवास केले, जड मशीन खांद्यावरून नेली. तेव्हा हसणारे लोक आज फुकट प्रत मागतात, याचा राग येणं साहजिक आहे. शिवाय दिलेली प्रत यूट्यूबवर कुणाच्या तरी नावाच्या पट्टीसकट चढलेली त्यांनी पाहिली आहे. कलावंतांच्या घरच्यांची हरकत असते, आणि तीही रास्त असते. खासगीत, विश्वासानं गायलेलं गाणं चव्हाट्यावर यावं असं त्यांना वाटत नाही. कायद्यानंही मैफलीवर कलावंताचा हक्क 50 वर्षं मानला आहे. हे सगळं खरं धरूनही मी म्हणेन, की प्रसिद्ध करणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. धारवाडला माझी जी डिस्क आहे ती ऐकण्यासाठी नाही. ती कुलूपबंद आहे, तिच्यासोबत एका पानाचा कागद आहे: यातलं काय कुणाला ऐकवायचं, काय मुळीच नाही, कुठल्या मुद्रणाला कुणाची परवानगी लागेल. दोन्ही घरांच्या सह्या आहेत. 1982 पासून काम करणारं, आता गुरुग्रामला असलेलं अर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी देणाऱ्याच्या अटी अशाच लिहून घेतं. ही चाललेली, तपासलेली रीत आहे. ‘फक्त माझ्याकडे’ याचा अर्थ आपल्या पश्चात ‘कुणाकडेच नाही’ असा होऊ शकतो, एवढं त्या ज्येष्ठांनी मनावर घ्यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यांच्याइतकं या गाण्यावर प्रेम दुसऱ्या कुणी केलेलं नाही, म्हणूनच ती त्यांना करते.

हे काम एकेकट्या घरांवर सोडूनही भागणार नाही. मुंबईत एनसीपीएसारखी संस्था आपला संग्रह सांभाळते, पण कुरुंदवाडच्या पिशवीतल्या चाळीस कॅसेट तिथवर पोचत नाहीत. गावोगावच्या म्युझिक सर्कलनी जोड्या लावाव्यात: सांगलीनं धारवाडशी, रत्नागिरीनं नागपूरशी, सोलापूरनं पणजीशी. प्रत्येकानं दुसऱ्याच्या दोन-चार डिस्क कपाटात ठेवायच्या, वर्षातून एकदा त्या लावून पाहायच्या. एक डिस्क मध्यम मोबाइलपेक्षा कमी किमतीत येते. एका मैफलीच्या फुलांच्या सजावटीचा खर्च वाचवला तरी निघेल. आणि सरकारकडून मला एकच हवं आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात 1967 पासून आहे, गावागावांत अनुदानित ग्रंथालयं आहेत. त्यातल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयांना ध्वनिमुद्रणांसाठी एक कपाट, एक संगणक आणि ते चालवायला शिकलेला एक माणूस द्यावा. गाण्यापुरतंच नव्हे, कीर्तनं, भारुडं, जात्यावरच्या ओव्या, तमाशाच्या फडांचं गाणं, हे सगळं अशाच डिस्कवर अशाच कपाटांत आहे. ग्रंथालयात पोथी ठेवायला दिली की ती जपली जाईल असा विश्वास आपल्या आजोबांना होता. आवाजासाठी तशी जागा आपल्या जिल्ह्यात असावी, एवढंच.

तोवर घरच्या घरी करण्यासारखं एक काम राहतं. संग्राहकांची मुलं पुण्याला, बंगळूरला, कुणी अमेरिकेत असतात. दिवाळीला आली की एक डिस्क त्यांच्या बॅगेत द्यावी. गावाबाहेरची प्रत आपोआप झाली. पण नुसती डिस्क देऊ नये, सोबत एक छापील कागद द्यावा. संग्रह कुणाचा, आत काय, फाइली कशानं उघडतात, बाकीच्या प्रती कुठल्या गावी कुणाकडे, शेवटची तपासणी कधी झाली, कुणाच्या अटी पाळायच्या, आणि घरात कुणाला यात रस नसेल तर हे सगळं कुणाच्या हवाली करायचं. तो कागद घरातल्या गाणं न कळणाऱ्या माणसाला वाचून दाखवावा, म्हणजे त्यात काय राहिलं ते दिसतं. माझा कागद मी भाचीला वाचून दाखवला. ‘मावशी, डिस्क लागलीच नाही तर?’ असं तिनं विचारलं. ते मी लिहिलेलंच नव्हतं. आता खाली लिहिलं आहे: उघडायला जाऊ नकोस, पुन्हा पुन्हा लावून पाहू नकोस, बाजूला ठेव आणि धारवाडला फोन कर.